स्टिअरिंग अनसूयाबाईंकडे

अनसूयाबाई महाजन पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झाल्या आणि वर्षभरात त्यांची दोन्ही मूत्रपिंडंही निवृत्त झाली. हे वाक्य त्यांचंच. चौकशीचा फोन आला की त्या ते जसंच्या तसं म्हणत. जालना रोडवरच्या एका दवाखान्यात त्यांचं डायलिसिस सुरू झालं. डाव्या हाताला सुया, तो हात हलवायचा नाही आणि चार तास खुर्चीत पडून राहायचं. समोरच्या टीव्हीवर कुठल्या ना कुठल्या सुनेचा छळ चाललेला असे, आणि रिमोट नर्सकडे.

मोबाइलवर गेम खेळून पाहिला. मधे जाहिराती येत. त्या संपल्या की नणंदेचा फोन येई. पुण्यातला भाचा हिमांशू म्हणाला, मावशी, हातात धरून खेळायचं वेगळं यंत्रच घे. त्यानं व्हिडिओ पाठवले. त्यांतली मुलं बॅटरी आणि स्क्रीनबद्दल तावातावानं बोलत होती. एका हातानं खेळता येतं का, हे कुणीच सांगत नव्हतं. हिमांशूला विचारलं, तर तो म्हणाला, बघून सांगतो. त्यानं काही सांगितलं नाही.

शेजारच्या खुर्चीत सिल्लोडचे चांदपाशा पटेल असत, कापसाचे जुने व्यापारी. त्यांच्या डाव्या हाताच्या शिरा डॉक्टरांना पसंत पडल्या नव्हत्या, म्हणून सुया उजव्या हाताला. आज अंगातलं पाणी किती काढलं, यापलीकडं दोघांचं कधी बोलणं झालं नव्हतं. बाईंनी त्यांना आपली अडचण सांगितली.

"माझा डावा रिकामा हाय, बाई," पटेल म्हणाले. "तुमचा उजवा. मिळून एक गडी होतो की."

यावर बाईंनी घरी जाऊन नीट विचार केला आणि त्या पैठण गेटला, असल्या यंत्रांच्या दुकानात गेल्या. दुकानदार रय्यानला त्यांनी खुर्ची मागितली, मागं रेलल्या, डावा हात काउंटरवर सरळ ठेवला आणि यंत्रं दाखवायला सांगितलं. पहिलं यंत्र एका हातात पेललं नाही, छातीवर पडलं. बाकीची गिऱ्हाइकं बाजूला सरली. कुणीतरी पाणी आणलं. बाई ते प्यायल्या.

मग रय्याननं एक यंत्र काढलं. त्याच्या दोन्ही बाजूंची बटणं सुटी होत होती. बाईंनी विचारलं, डावा तुकडा एकाकडे, उजवा दुसऱ्याकडे, आणि गाडी एकच, असं चालेल का? असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, असं तो म्हणाला. उजवा तुकडा त्यानं स्वतः घेतला. गाडी निघाली आणि भिंतीवर आदळली. याहून चांगल्या स्क्रीनचं मॉडेल आहे, असं त्यानं सुचवलं. भिंत स्पष्ट दिसली, असं म्हणून बाईंनी हातातलंच घेतलं.

दवाखान्यात दोन खुर्च्यांमधल्या स्टुलावर स्क्रीन उभी राहिली. डाव्या तुकड्यातलं स्टिअरिंग बाईंकडे, उजव्यातला वेग पटेलांकडे. बाईंनी आयुष्यभर कालव्यांची वळणं आखलेली. त्यांना वळण यायच्या आधीच तयारी लागे. पटेल बटणावरचा अंगठा काढत नसत.

"सोडा आता."

"सोडलं तर मागचे पुढं जातेत."

"नाही सोडलं तर भिंतीत जाऊ."

"जाऊ. पन पुढं हाव तवर जाऊ."

पावसाळ्याअखेर पेशंट वाढले आणि पटेलांना सकाळऐवजी दुपारची पाळी मिळाली. पहिल्याच दिवशी बाईंनी सवयीनं यंत्र सुरू केलं. सगळ्या गाड्या गेल्या, त्यांची जागेवरच उभी राहिली. स्वरदा नावाच्या नर्सनं आपणहून उजवा तुकडा घेतला. ती सांगितलं की सोडायची, सांगितलं की दाबायची. गाडी कुठंही न आदळता तिसरी आली. बाईंनी तिचे आभार मानले आणि यंत्र बंद केलं.

नंतर त्यांनी डॉक्टरांना आपलीही पाळी दुपारची करायला सांगितलं. डॉक्टरांनी कारण विचारलं.

"माझ्याकडे फक्त स्टिअरिंग आहे," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी 'वैयक्तिक कारण' असं लिहून घेतलं.

आता दोघं दुपारी असतात. शर्यतीत बहुतेक वेळा शेवटचेच येतात. सुया निघाल्या की पटेल घरी बायकोला, अमिनाबींना, फोन करतात. तब्येत बरी आहे, आज भिंत बाईंमुळं लागली, एवढं सांगतात आणि सिल्लोडची एसटी गाठतात.