पिंपळपानाची एक शीर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि जिच्याशी हे केलं तिला तर — तिला सांगायची माझी छातीच नाही. आठ वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे बोलते आहे. ओळखत असता तर बोलले असते का? नसतेच बोलले.

मशीनपासून सुरुवात करते. माणसांपासून सुरुवात करायला अजून जड जातंय.

चिमूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत भरतकामाचा एक कारखाना आहे, तिथे मी कामाला आहे. कारखाना म्हणजे काय, टिनाची एक लांब खोली. मालकांना आम्ही सगळ्या बाया भाऊ म्हणतो. भाऊंनी सुरतेहून एक जुनं मशीन आणलं — बारा डोक्यांचं, म्हणजे एकच नक्षी एकदम बारा कापडांवर भरणारं. पण ते पेन ड्राइव्ह ओळखायचं नाही. त्याला फ्लॉपी लागायची. तीच ती चौकोनी, प्लास्टिकची, जी आता मुलांना दाखवली तर हसतात. आणि तीही साध्या पद्धतीनं भरलेली चालायची नाही. अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत संगणकात एका फाइलीत ठेवायची, आणि काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करून ती कोऱ्या फ्लॉपीवर उतरवायची. आमच्याकडे धूळ, वर सुताचा भुगा. महिनाभरात फ्लॉपी खराब व्हायची, की पुन्हा नवी उतरवा.

'डीडी' असं त्या आज्ञेचं नाव. तिला दोनच गोष्टी सांगायच्या — कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं. ती उलटून काही विचारत नाही. पुसू का, नक्की का — काही नाही. उलट सांगितलं तर उलट करते, आणि तेवढ्याच शांतपणे करते.

मशीन बसवायला आलेल्या मेकॅनिकनं जाताना ती ओळ मला शिकवली. मला एकटीला. इंग्रजी आमच्यातल्या कुणालाच धड येत नव्हतं, मलाही नाही. रांगोळीचे ठिपके बघून काढावेत तशी मी ती ओळ वहीतून बघून टाइप करायची. पण वही माझ्या पिशवीत असायची, आणि पिशवी माझ्या मांडीवर. संगणकापुढची खुर्ची माझी होती. बाकीच्या बारा बाया मशीनच्या आवाजात उभ्याउभ्या धागे कापायच्या, आणि मी पंख्याखाली बसून बोटं चालवायची. मी सुट्टी घेतली की भाऊंचा चेहरा उतरायचा. खोटं कशाला बोलू? मला तो उतरलेला चेहरा फार आवडायचा.

मग प्रतिभा आली.

तिशीतली. नवरा सोडून गेलेला, एक मुलगी पदरात. विहाराजवळच्या वस्तीतली. आली तेव्हा धागेच कापायची. जेवणाच्या सुट्टीत मात्र माझ्या मागे येऊन उभी राहायची — अंग चोरून, पण डोळे पडद्यावर. मी पडदा बंद करायची. मग ती हसायची, रागवायची नाही. मला तर ती रागवली असती तर बरं वाटलं असतं.

शिकली ती. नक्षी काढायचं सॉफ्टवेअर माझं बघूनबघून शिकली, आणि माझ्यापेक्षा चांगलं शिकली. मी मेकॅनिकनं दिलेल्या फुलांनाच इकडून तिकडे फिरवायची. ती नवं काढायची.

तेवढ्यात विहारातल्या महिला मंडळाची ऑर्डर आली. दीक्षेच्या दिवशी नेसायला पांढऱ्या साड्या, काठावर निळं पिंपळाचं पान. प्रतिभानं विहाराच्या अंगणातलं एक पान उचलून आणलं, पडद्याशेजारी चिकटवलं, आणि सहा आठवडे टाक्यावर टाका मांडत बसली. त्या पानाला उजव्या अंगाला किडीनं खाल्लं होतं, तिथली एक शीर नव्हती. तिनं तीही घातली नाही. मी म्हटलं, एवढं तरी नीट कर. तर म्हणाली, "असंच सापडलं मले, ताई. असंच राहू द्या त्याले."

पान फार सुंदर झालं. मला पहिल्या क्षणी दिसलं ते, आणि पोटात दुखायला लागलं.

भाऊंनी सगळ्यांसमोर सांगितलं की ही ऑर्डर नीट गेली की दिवाळीपासून प्रतिभा संगणकावर बसेल, पक्की. आणि मला म्हणाले, "सुमनबाई, तिले ते फ्लॉपीचं शिकवून द्या. तुमी बाहेर मशीनवर पाहा आता, तुमच्यासारखं अनुभवी मानूस तिथी पायजे." अनुभवी! म्हणजे धागे कापायला. मी मान हलवली. हसलेसुद्धा.

नुसती खुर्चीच होती का मनात? तिच्या हातचा चहा मी कधी घेत नव्हते. दरवेळी ॲसिडिटीचं नाव सांगायची. ॲसिडिटी मला कधीच नव्हती. ज्या जातीच्या घरात मी वाढले तिथे हे शिकवावं लागत नाही, आपोआप येतं. मग त्या खुर्चीवर तीच बसणार याचा राग नुसत्या खुर्चीचा कसा असेल?

तर आता सांगते.

मी एका जाड पुठ्ठ्यावर तिच्यासाठी आज्ञा लिहिली. सुवाच्य अक्षरात, वर हळदीकुंकवाची बोटंही लावली — नव्या कामाची सुरुवात म्हणून. जिथे 'कुठून' यायचं तिथे कोरी फ्लॉपी लिहिली, आणि जिथे 'कुठे' यायचं तिथे तिच्या पानाची फाइल. म्हणजे ती एंटर दाबेल तेव्हा पान फ्लॉपीवर जाणार नाही. कोऱ्या फ्लॉपीचं कोरेपण तिच्या पानावर उतरेल. तिच्या नमुन्यासाठी मी उतरवून दिलेली पहिली फ्लॉपी धुळीनं कधीच गेली होती. पान आता त्या एकाच फाइलीत होतं.

घाईत उलटं लिहिलं गेलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण आदल्या दिवशी मी ती फाइल माझ्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवली होती. चुकणारी बाई आधी प्रत काढून ठेवते का?

सकाळी दहाची वेळ. ती माझ्यासाठी चहा घेऊन आली, आणि त्या दिवशी मी तो घेतला. पहिल्यांदाच. तिला केवढा आनंद झाला! मी तिच्या मागे उभी राहून चहा पीत होते आणि ती पुठ्ठ्यावरचं एकेक अक्षर शोधून टाइप करत होती. मध्ये थांबली. म्हणाली, "बरोबर हाय ना, ताई?" मी म्हटलं, "दाब."

ड्राइव्हचा हिरवा दिवा लागला. घर्रघर्र आवाज आला. रोज यायचा तसाच. चहा गोड होता, आल्याचा.

मशीननं फ्लॉपी घेतली आणि कोरी म्हणून बाहेर टाकली. तिनं फाइल उघडली. काहीच नाही. तिनं पुन्हा उघडली. माझ्याकडे पाहिलं. मी भाऊंना हाक मारायला गेले, आणि जाताना उलटा पुठ्ठा उचलून नीट लिहिलेला दुसरा तिथे ठेवला. हो, दुसराही तयार होता. तसाच जाड, तीच हळदीकुंकवाची बोटं. भाऊ आले, वहीशी ताडून पाहिलं. बरोबर. मी म्हटलं, "मी तर नीट लिहून दिलं होतं, भाऊ. आता हिनंच घाईत उलटं टाकलं."

प्रतिभानं पुठ्ठ्यावरच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "माह्याच हातानं झालं असंन."

आठ दिवस तिनं पान पुन्हा मांडायचा प्रयत्न केला. सहा आठवड्यांचं काम आठ दिवसांत कसं व्हायचं? टाके एकावर एक चढायचे. ते आठही दिवस पेन ड्राइव्ह माझ्या कमरेच्या बटव्यात होता. ती दोन हातांवर होती माझ्यापासून. ती रडेल म्हणून मी वाट पाहिली. रडली नाही, म्हणून मला तिचा आणखी राग आला.

मंडळानं ऑर्डर नागपूरला दिली. तिच्याच वस्तीतल्या बाया तिच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या की आपल्या दिवसाचं काम होतं, तुले एवढं नाई जमलं? भाऊंनी तिला दुसऱ्या दिवसापासून यायला नको म्हणून सांगितलं. ती सगळ्यांना सांगून गेली. मलाही. म्हणाली, "तुमी लय समजावलं मले, ताई. मलेच नाई आलं."

वर्ष झालं आणि मी ते पान बाहेर काढलं. निळ्याच्या जागी सोनेरी धागा टाकला, आणि माझं म्हणून भाऊंना दाखवलं. आजही आमच्याकडे सगळ्यात जास्त तेच चालतं. ब्रह्मपुरीपर्यंत जातं. ती खाल्लेली शीर घालावी असं मला कितीदा वाटलं. बसले की टाके वेडेवाकडे पडायचे. तिच्या हातचं मला जमत नव्हतं, म्हणून तशीच राहू दिली.

गेल्या महिन्यात बाजारात ती भेटली. आता ती वसतिगृहात पोळ्या लाटते. मी आमच्याच काठाची साडी नेसले होते. तिनं मुलीचं बारावीचं सांगितलं, माझ्या गुडघ्यांचं विचारलं. बोलता बोलता माझा पदर हातात घेतला, जसं कुठलीही बाई घेते. तिचा अंगठा पानावरून फिरला आणि उजव्या अंगाला थांबला.

"इथी एक शीर कमी हाय, ताई."

तिनं पदर सोडला नव्हता. माझ्याकडे बघत होती, आणि तिला कळलं होतं. मला सांगता आलं असतं. भर बाजारात, एवढ्या लोकांत, चार शब्द तर होते.

मी म्हटलं, "मशीननं सोडली असेल."

तिनं पदर नीट घडी घालून माझ्या खांद्यावर ठेवला. "हो," म्हणाली, "मशीननंच सोडली असंन." आणि पिशवी उचलून भाजीच्या रांगेकडे निघून गेली.

पेन ड्राइव्ह अजून सुयांच्या डब्यात आहे. आज सकाळीही त्या पानाच्या चोवीस साड्या भरल्या.