नीट हरायला शिकवणारे सर

माझ्या ओळखीत आजवर जितकी माणसं आली, त्यांत आमच्या सॉफ्टबॉलच्या सरांइतका मनापासून निराश माणूस मला दुसरा भेटलेला नाही. घाटकोपरच्या म्युनिसिपालटीच्या मैदानावर सकाळी सहाला आम्ही बारा-तेरा मुली जमायचो. सर आधीच येऊन उभे असायचे आणि आम्हांला बघून त्यांचा चेहरा असा पडायचा, जणू आज तरी आमच्याऐवजी दुसऱ्या मुली येतील अशी त्यांना आशा होती. मॅचच्या आधी बाकीचे कोच मुलींना चेव आणायचे. आमचे सर म्हणायचे, "वाट लागणारच आहे. निदान नीट हरा." चुकून जिंकलो तर फारच पंचाईत. एकदा मुलुंडच्या टीमला आम्ही अकरा-दोननं लोळवलं. आम्ही नाचतोय आणि सर डोकं धरून बसलेले. मी विचारलं, "सर, काय झालं?" तर म्हणाले, "आता तुमका जिंकायची सवय लागतली गो. मग मी काय करू?"

सर मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीत होते, तिथलं काम सुटल्यावर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लेथवर लागले. तरुणपणी ते स्वतः पिचर, म्हणजे बॉल टाकणारे होते आणि त्यांचा बॉल दिसायचाच नाही, असं जुने खेळाडू सांगायचे. पण वर्कशॉपात वर्षभरातच मशीननं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. तेव्हापासून बॉल हातात नीट बसेना. मग माझ्यासारख्या पिचरला टाकून दाखवायचं कसं? सर दाखवायचेच नाहीत. ते आमच्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहायचे आणि कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बॉल बसल्याचा आवाज ऐकून सांगायचे, "मनगट उशिरा फिरलं." "पाय आखडला." "काल भांडलीस का कुणाशी?" आणि भांडलेलीच असायचे मी. घरी सराव म्हणून वडिलांच्या जुन्या मोज्यात बॉल बांधून हात गरागरा फिरवायला त्यांनी सांगितलं होतं. तो मोजा सुटून आईची लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा सर माफी मागायला घरी आले. आईनं राग गिळून पोहे दिले, तर बशीकडे बघत खिन्नपणे म्हणाले, "वहिनी, यात दाणे कुठायत? पोरीच्या हातात जोर येणार कुठून?"

मुलींची लग्नं म्हणजे तर त्यांच्यावर एकामागून एक कोसळणारे डोंगर. लग्नाला यायचे मात्र न चुकता, तेही इस्त्रीचा शर्ट घालून आणि मयताला आल्यासारखा चेहरा करून. आमच्या कॅचरच्या लग्नात स्टेजवर जाऊन त्यांनी नवऱ्या मुलाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हिचे गुडघे जपा." बिचारा मुलगा हो म्हणाला. त्याला वाटलं, ही मुलीकडची काहीतरी रीत असावी.

मी त्यांच्याकडे तिसरं वर्ष खेळत होते तेव्हाची गोष्ट. बाबांनी सांगून टाकलं होतं, "यंदा काय खेळायचं ते खेळून घे, मग स्थळं बघायची." त्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या फायनलला पोचलो आणि राज्याच्या टीमसाठी मुली निवडायला माणसं येणार होती. मला दुसरी संधी नव्हती. आणि नेमका महिनाभर माझा उजवा खांदा ठणकत होता. मी कुणाला बोलले नाही. बाम चोळायचे आणि वास येऊ नये म्हणून वर पावडर थापायचे.

फायनलच्या दिवशी मी पाच-सहा बॉल टाकले असतील. सर पाठ करून उभे होते. ते वळले.

"किती दिवस दुखतोय?"

"काय सर? काही नाही."

"परत टाक."

मी जीव खाऊन टाकला. सरांनी पुढे येऊन कॅचरकडून बॉल घेतला आणि टीममधल्या सगळ्यांत लहान, घाबरट मुलीच्या हातात दिला. मी रडले, पाया पडले, "फक्त आजचा दिवस, सर" म्हणाले. ते मान हलवत राहिले. मग मी सगळ्यांच्या देखत ओरडले, "तुमची बोटं गेली म्हणून आता माझा हातही काढून घेताय ना?"

सर इतकंच म्हणाले, "सावलीत बस गो, बाय."

आम्ही चौदा रनांनी हरलो. माझं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. आठवड्यानं डॉक्टरांनी खांदा तपासला आणि म्हणाले, त्या दिवशी खेळली असतीस तर हा हात पुन्हा डोक्यावर गेला नसता. मी तिथूनच सरांकडे जायला हवं होतं. पण कुठल्या तोंडानं? आज जाऊ, उद्या जाऊ करत लग्न ठरलं. सर आलेही, रांगेत उभे राहिले, आणि मी नमस्कार करताना वर बघितलंच नाही. नवऱ्याला काय म्हणाले तेही मी ऐकलं नाही.

पाच-सहा वर्षांनी एकदा धीर करून बोरिवलीच्या सासरहून माझ्या मुलीला घेऊन त्यांच्या चाळीत गेले. खोलीत दुसरीच माणसं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, "वर्कशॉप बंद झालं ना, गावाला गेले ते. आता नाही यायचे. आले तर कोण आलेलं म्हणून सांगू?"

"त्यांची पिचर आली होती म्हणा."

"कुठली? ढीगभर पोरी यायच्या त्यांच्याकडे."

कुठली, ते मला सांगता येईना. मी नुसतं नाव सांगितलं आणि जिना उतरले.

"आई, इथे कोण राहायचं?" मुलीनं विचारलं. माझे सर, म्हटलं. मग घरी पोचेपर्यंत तिला त्यांच्याबद्दल सांगत राहिले. चार वर्षांची पोर, लोणच्याच्या बरणीला पोट धरून हसली, गुडघ्यांची गोष्ट तिनं दोनदा सांगायला लावली. "अजून सांग ना," म्हणाली. मी सगळं सांगितलं. मी त्यांना काय बोलले, तेवढं सोडून.