‘काठावरून’चे फोरमन

फोरमनच्या हातात लेख दिला की ते सगळ्यात आधी शेवटचं पान काढत. चष्मा कपाळावर सरकवून दोन-चार ओळी वाचत आणि विचारत, "मासा लागला का?" लागला असेल तर पहिल्या पानावर येत. नसेल लागला तरी येत, पण कुरकुरत. "नाही लागला तर नाही लागला. पहिल्याच ओळीत सांगा ना! वाचणाऱ्याला सहा पानं कशाला ताटकळत ठेवता?"

त्यांचं आडनाव भालेराव. शहाडच्या एका कारखान्यात बॉयलरवर फोरमन होते. कारखाना बंद पडला, पण हुद्दा त्यांना चिकटून राहिला. गळ टाकून मासे पकडणाऱ्या हौशी माणसांसाठी ते ‘काठावरून’ नावाचं त्रैमासिक काढत. असलं त्रैमासिक असतं का, असं तुम्ही विचाराल, तर माझी बायकोही तेच विचारायची. ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत त्याचे दीडेकशे वर्गणीदार होते आणि त्यातले बरेचसे लेखकही होते. मी त्यांच्यापैकी एक. आठवड्याचे पाच दिवस मी विम्याचे अर्ज तपासत असे, शनिवारी झोपत असे आणि रविवारी कोपरच्या आमच्या गॅलरीत बसून साहित्यिक होत असे.

आम्हा लेखकांचा दर्जा काय वर्णावा! आमचा प्रत्येक लेख पहाटे सुरू व्हायचा. पूर्वेला केशरी छटा असायची, नदी संथ वाहायची, एखादा खंड्या सूर मारायचा आणि तिसऱ्या पानावर लेखकाला आयुष्याचा अर्थ कळायचा. मासा त्यानंतर. माझ्या एका लेखात तर मासा नव्हताच, नुसता अर्थ होता. फोरमनच्या भाच्याने एकदा परदेशातून या विषयाची दोन गुळगुळीत इंग्रजी मासिकं आणली. फोरमननी ती शब्दकोश घेऊन वाचली आणि मला फोन केला. "परब, घाबरू नका. साहेबाकडे पण पहाटच होते. त्याला पण मासा सोडून सगळं दिसतं." त्यांच्या आवाजात खरोखरच दिलासा होता. तो मला द्यायचा होता की स्वतःला, कोण जाणे.

लेख दुरुस्त करायची त्यांची रीत फोनवरची. वाक्य वाचून दाखवायचं आणि एकेका शब्दाची चौकशी करायची.

"ही ‘मंद झुळूक’ काय काम करते इथे?"

"साहेब, जरा वातावरण..."

"वारा कुठून होता? समोरून की पाठीमागून? समोरून असला तर दोरी लांब जात नाही. ते लिहा. झुळूक मी काढतोय."

ते स्वतः लिहायला शिकले ते बॉयलरच्या लॉगबुकात. किती वाजता काय झालं, तुम्ही काय केलं, पुढच्या पाळीवाल्याने काय सांभाळायचं. "मी तिथे ‘वाफ आपल्याच तंद्रीत होती’ असं लिहिलं असतं ना, तर सकाळच्या पाळीचे तिघं वर गेले असते," असं ते म्हणत. माझ्या सहा पानांचं ते दीड पान करत. मी आठवडाभर रुसून बसे. मग अंक हातात आला की दीड पान वाचून बायको म्हणे, "अगंबाई, हे बरं लिहिलंयस की!"

अशी चार वर्षं गेली आणि फोरमनच्या तोंडून कधीतरी शाबासकी ऐकायची, हा मला ध्यासच लागला. एका रविवारी खडवलीला नदीवर गेलो. पुलाच्या वरच्या अंगाला दोन करंजांच्या मध्ये एक सपाट दगड आहे, त्यावर उजाडल्यापासून दुपारपर्यंत बसलो. काही म्हणजे काही लागलं नाही. परत येताना कल्याणच्या बाजारात कोळणीकडून एक मरळ घेतला आणि घरी आलो. जेवून उठलो तो थेट लिहायला बसलो. पहाट नाही, खंड्या नाही, अर्थ नाही. जागा, दगड, पाण्याची खोली, आमिष गांडूळ, वेळ साडेआठ, मरळ सव्वा किलो. वजन मात्र खरं होतं. कोळणीने समोर तोलून दिलेलं.

फोरमनचा फोन आला. मी चौकशीची वाट बघत राहिलो. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "परब, एक शब्द काढता येत नाही. जमलं तुम्हाला." मी गॅलरीत उभा राहून समोरच्या इमारतीकडे असा बघत होतो, जणू सगळ्या मजल्यांवरून टाळ्या पडतायत.

घोटाळा तिथेच झाला. माझ्या आधीच्या लेखांवर कोणी काडीचा विश्वास ठेवत नसे, त्यामुळे कोणाचं नुकसानही होत नसे. हा लेख लोकांना खरा वाटला. माणसं गांडुळं घेऊन खडवलीला निघाली. टिटवाळ्याचे एक वाचक लागोपाठ दोन रविवार त्या दगडावर बसून आले आणि त्यांनी फोरमनना पत्र पाठवलं: लेखकाने जागा नीट सांगितली आहे ना? फोरमननी मला काहीच विचारलं नाही. तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती. गुडघे इतके गेलेले, की घराचे तीन जिने उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबत.

पुढच्या अंकात दुसऱ्या पानावर चौकट आली. ‘मागील अंकात श्री. परब यांनी सांगितलेल्या जागी, त्याच आमिषाने, त्याच वेळी मी तीन रविवार बसलो. मासा लागला नाही. माझी काही चूक होत असावी. वाचकांनी आपला अनुभव कळवावा.’

माझी काही चूक होत असावी! ते वाक्य वाचलं आणि मी ताट बाजूला सारलं. त्यांनी मला चारचौघांत थापाड्या म्हटलं असतं, तर मी सुखाने भांडलो असतो. आता काही उपायच उरला नाही. दोन दिवस रजा टाकून मी कबुलीजबाब लिहिला. सात पानं. नाव दिलं ‘अंतरीचा डोह’. तो घेऊन शहाडला त्यांच्या घरी गेलो. भालेरावकाकूंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि माझ्याकडे एकदा बघून आत गेल्या.

फोरमननी सवयीप्रमाणे शेवटचं पान काढलं. मग पहिलं. मग सगळं सावकाश वाचलं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो.

"परब," ते म्हणाले, "पश्चात्तापाला पण तुम्ही सूर्योदय लावलात."

पेन्सिल घेऊन ते खोडत गेले. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं, डोह गेला. सातव्या पानावर एक वाक्य उरलं, ते त्यांनी चौकटीत घेतलं. ‘त्या दिवशी मला मासा लागला नव्हता, मी तो बाजारातून आणला.’ खाली माझं नाव. "एवढं पुरे," ते म्हणाले. "लोकांना कळेल. तुम्हाला पण कळलंय." आणि पेन्सिल खिशात ठेवत म्हणाले, "पुढच्या अंकाला काय देताय?"

तो अंक आल्यावर टिटवाळ्याच्या वाचकांचं मला पोस्टकार्ड आलं. त्यांनी मला माफ केलं नव्हतं, पण गांडुळं कुठे चांगली मिळतात ते विचारलं होतं. त्यानंतर मी ‘काठावरून’मध्ये अकरा लेख लिहिले. नऊ लेखांत मासा लागला नाही, आणि ते पहिल्याच ओळीत सांगितलं.

फोरमन गेल्या वर्षी गेले. झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चार शब्द बोलायला मला उभं केलं. मी पाठ करून गेलो होतो, पण तोंडातून एवढंच निघालं, की यांनी माझं लिहिणं कमी केलं, त्याबद्दल तुम्ही सगळ्यांनी त्यांचे आभार मानावेत. लोक हसले. काकूही हसल्या.

माणसं पांगल्यावर काकू माझ्याशेजारी येऊन बसल्या. बोलता बोलता मी म्हणालो, "काकू, मला एकाच गोष्टीची लाज वाटते. माझ्यापायी त्या गुडघ्यांनी ते तीन रविवार खडवलीला गेले."

"तीन?" काकू म्हणाल्या. "सात वेळा गेलेले. डबा मी करून दिलाय, मला सांगता!"

"पण अंकात तर तीन..."

"पाचव्या रविवारी मीच म्हटलेलं, अहो, परबांनी थाप मारलीय. तर म्हणाले, पाण्याचं काय सांगता येतं? आणखी दोनदा गेले. मग लिहायला बसले आणि तीन लिहिलं. मी म्हटलं, तीन काय? सात ना? तर म्हणाले, सात लिहिलं तर माणूस खोटा पडतो. तीन रविवारात नशीब पण असू शकतं."

ज्या माणसाने आयुष्यात पाण्याची खोली वीतभर इकडची तिकडे लिहू दिली नाही, त्याने माझी अब्रू राखायला स्वतःच्या अंकात, स्वतःच्या नावाने, खोटा आकडा छापला होता. आणि मी मागाहून सात पानं घेऊन गेलो, तेव्हाही तो आकडा त्यांनी मला सांगितला नाही. काकूंच्या शेजारी बसून मी हमसून हमसून रडलो. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "असू दे हो. त्यांना नदीवर बसायला आवडायचं."