अक्कासाहेबांचं मंगळसूत्र

झोप लागताना माणसाला आधी आवाज सोडून जातात. बाहेर जेवणाच्या सुट्टीत युनिटची ताटं वाजतायत, कुणीतरी तिसऱ्यांदा ताक मागतंय, जनरेटर घरघरतोय. प्रमिला साळोखे मेकअप रूममधल्या चिकट सोफ्यावर अक्कासाहेबांच्या इरकलीसकट आडवी झाली आहे. भूक नाही म्हणून सांगितलंय. भूक आहे, चांगली कडकडून आहे. पण पंगतीला बसलं की आज सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलतील, आणि ते तिच्याच्यानं सोसवणार नाही.

सकाळी तिचे दोन टेक वाया गेले. आठशे भाग झाले, मालिकेतली अक्कासाहेब कुणापुढे नमलेली नाही. सुनांना धारेवर धरावं, दिरांना गप्प बसवावं, हा तिचा रोजचा धंदा. आतून घाबरली की ती एकच करते, मंगळसूत्राच्या वाट्या मुठीत घट्ट धरते. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. प्रमिलाच्याच हातून एकदा नकळत झालं आणि प्रेक्षकांनी उचलून धरलं. आता ती मूठ वळली की घरोघरी बायका भाजी निवडायची थांबतात.

आज अक्कासाहेबांचा नवरा जातो. तिनं मंगळसूत्र स्वतःच्या हातानं काढून देव्हाऱ्यासमोर ठेवायचं, एवढाच प्रसंग. संवाद नाही. दोन्ही वेळा प्रमिलाचे हात मानेपर्यंत गेले आणि तिथेच अडून बसले. दिग्दर्शक फडतरे भला माणूस. नुसतं "जेवून घेऊ या" म्हणाला.

ताटांचा आवाज लांब जातो. जनरेटरची घरघर तेवढी राहते, आणि ती जरा बदलते.

"दमलीस व्हय गं?"

आरशासमोरच्या खुर्चीत तिचे यजमान, आनंदराव बसलेत. अंगात खाकी ॲप्रन, कानावर पेन्सिल. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवण्यात बत्तीस वर्षं गेली, मेल्यावरही ॲप्रन सुटलेला नाही. हातात कानस आहे आणि मांडीवर कसलासा तुकडा घासतायत. जनरेटर नाहीच तो, लेथ मशीन चालू आहे. आरशाभोवतीचे दिवे मशीनवर लागलेत आणि ती सोफ्यावर नाही, कार्यशाळेतल्या लाकडी बाकावर बसली आहे. तिला याचं काही नवल वाटत नाही.

"दमले नाही," ती म्हणते. "टेक होईना झालाय."

"कशाचा?"

ती गळ्याकडे बोट दाखवते. आनंदराव मान हलवतात आणि पुन्हा कानस चालवतात. माणूस दोन वर्षांनी भेटतोय आणि हातातलं काम सोडत नाही. जिवंतपणी याच सवयीवरून ती किती भांडली होती! आता मात्र तो असाच घासत बसावा आणि मशीन कधी बंद पडू नये, असं तिला वाटतं.

"अहो, एक सांगायचं राहिलंय."

"सांग की."

"तेव्हा माझं जे काढलं, ते तुमचं नव्हतंच."

हे वाक्य तिनं दोन वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. शूटिंगला आलं की आपले दागिने डब्यात ठेवायचे आणि पात्राचे घालायचे, हा इथला रिवाज. त्या दिवशी दवाखान्यातून फोन आला तेव्हा ती अक्कासाहेब होती आणि तशीच गाडीत बसली, भरजरी, हिरव्या चुड्यासकट. संध्याकाळी घरी जावेनं आणि शेजारणींनी रडत रडत तिच्या गळ्यातलं काढलं. ते मालिकेचं होतं. ती बोलली नाही. कुणाला सांगणार, की थांबा हो, हे खोटं आहे? तेराव्यानंतर प्रॉडक्शनमधून बिचकत फोन आला, ताई, ते मंगळसूत्र जरा, मागच्या भागांशी जुळायला हवं. जावेनं टाकून दिलं होतं. मग त्यांनी तसंच दुसरं करून घेतलं. आनंदरावांनी घातलेलं अजून घरी कापसात आहे, कुणी न काढलेलं. दिवसभर ती पडद्यावरची सवाष्ण असते. घरी गेली की कुठली असते, ते तिचं तिलाही कळत नाही.

"ठाऊक हाय मला," आनंदराव म्हणतात.

"कसं?"

"वाकली होतीस की माझ्यावर. गालाला लागलं. पोकळ होतं."

लेथ बंद पडतो. कार्यशाळा नाही, दवाखान्यातला लांब व्हरांडा आहे. बाकावर दोघं शेजारी बसलीत आणि समोर औषधांची ढकलगाडी एकटीच उभी आहे. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुम्ही यायच्या आधी दहा मिनिटं गेले. त्या दहा मिनिटांनी तिला दोन वर्षं खाल्लंय.

"म्हणजे तुम्ही होता? मी आले तेव्हा होता?"

आनंदराव ॲप्रनला हात पुसतात. पुसतच राहतात.

"बोला ना हो."

"मान वळव," ते म्हणतात. "रुतालंय ते तुला."

ती मान वळवते. मागून त्यांचा हात येतो, गार नाही, उष्णही नाही. बोटं हूक चाचपतात.

"कुणी केलाय हा? आं? माझ्या वर्गात असता तर नापास केला असता."

तिला हसू येतं. आणि हसता हसताच ती विचारते, "खऱ्याचं काय करू?"

"ते तुझं तू बघ. मी घातलं, माझं काम संपलं." नख हुकाखाली जातं, सटकतं, कातडीत शिरतं. "लागलं व्हय?"

"नाही."

"खोटं कशाला बोलतीस? माझ्यापाशी तरी नको."

 ती म्हणते, एकटं वाटतं हो. सगळ्यांत बसून एकटं वाटतं. ते काही तरी उत्तर देतात, पण व्हरांड्यात ताटं वाजायला लागतात आणि ऐकू येत नाही.

"ताई, उठा की. शॉट लावलाय."

हेअरड्रेसर मुमताज खांदा हलवतेय. सोफा तोच. मंगळसूत्र गळ्यात आहे, हूक अडकवलेला. प्रमिला उठून खुर्चीत बसते. मुमताज अंबाडा सारखा करायला केस वर घेते आणि थबकते.

"अगं बया! हे काय लागलं तुम्हाला?"

"काय?"

"मानेवर ओरखडा हाय. ताजा. रगात आलंय जरा."

प्रमिला हात मागे नेते. बोटाला ओलं लागतं. तिची स्वतःची नखं अक्कासाहेबांसाठी अगदी मुळापर्यंत कापलेली आहेत.

"कॅमेरा मागनंच हाय," मुमताज क्रीमची डबी उघडत म्हणते. "झाकते पटदिशी."

"नको."

"फडतरे सर ओरडतील माझ्यावर."

"ओरडू दे. मुमताज, माझं खरं घरी आहे. तेव्हा ते कुणी काढलंच नाही. बायकांनी हे काढलं, मालिकेतलं, आणि मी गप्प बसले."

मुमताजच्या हातातली डबी तशीच राहते.  मग ती झाकण लावते आणि प्रमिलाचं डोकं पोटाशी धरते. बाहेरून कुणीतरी हाक मारतं. प्रमिला उठते.

पाच मिनिटांनी प्रमिला देव्हाऱ्यासमोर उभी आहे. फडतरे दबक्या आवाजात विचारतो, जमेल ना ताई? ती मान हलवते. दिव्यांच्या उष्णतेनं घाम सुटतो, ओरखड्यात उतरतो आणि चुरचुरायला लागतो. ती दोन्ही हात मागे नेते आणि हूक काढते.