शेताला पाइप नसतो

बाटली तीनदा खंगाळल्याशिवाय काका पाण्याचा नमुना भरत नसत. तेही नळाच्या पाण्याने नाही, ज्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने. पोलाद कारखान्याच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी नवीन लागले, तेव्हा घाईत दोनदाच खंगाळली. तिथे वर्षानुवर्षं नमुने घेत आलेल्या काकांनी माझी भरलेली बाटली माझ्यासमोरच ओतून दिली. "आधीचं सगळं धुऊन टाक पोरी, मंग भर," म्हणाले. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये, सगळे त्यांना बाटलीकाका म्हणत. नवख्या माणसाचा गैरसमज होई आणि काका तो दूर करण्याची अजिबात घाई करत नसत.

रिटायर झाल्यावर इथे नोकरीला आलेली आमची मराठी माणसं शहरातच सुपेल्याकडे प्लॉट घेतात, नाहीतर भंडाऱ्याला परत जातात. काकांनी शहराबाहेर, हथखोजच्या पलीकडे एका गावात तलावाला लागून थोडी धानाची शेती घेतली आणि काकूंना घेऊन तिथेच राहायला गेले. "माझ्या आज्याले गावच्या विहिरीले हात लावू देत नव्हते," ते सांगत. "म्या तलावाच्या काठीच घर बांधलं." हे सांगताना त्यांची मान ताठ होई, आणि मला ते फार आवडे.

दुसऱ्या वर्षी तो तलाव हिरवा पडला. गावाची आंघोळ, धुणी, गुरं सगळं त्याच पाण्यावर. बायकांच्या अंगाला खाज सुटली, शेजारच्या हातपंपाचं पाणी प्यायलाही लोक कचरू लागले. काका भर ग्रामसभेत उठून म्हणाले की हे कुठल्यातरी कारखान्याचं काम आहे, मी त्याच्या सांडपाण्याचा पाइप शोधून दाखवतो. गाव खूश झालं. दोषी बाहेरचा निघाला की सगळ्यांनाच बरं वाटतं.

पाइप सापडला नाही. मी रविवारी स्कूटरने जायची आणि आम्ही दोघं नाल्याच्या काठाने चिखल तुडवत फिरायचो. धानाच्या रोवणीनंतर सगळ्यांनी युरिया टाकला आणि दोनच दिवसांनी जोराचा पाऊस आला, तेव्हा काकांनी बांधांवरून वाहणारं पाणीही बाटल्यांत भरलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, खतातून उतरून तलावात शेवाळ माजवणाऱ्या नायट्रेटची चाचणी लावली; ते जितकं जास्त, तितका गुलाबी रंग गडद. नाल्याच्या वरच्या अंगाचं पाणी जवळजवळ बिनरंगाचं राहिलं. शेतांतून उतरलेलं गुलाबी झालं, आणि सगळ्यांत गडद बाटली काकांच्या स्वतःच्या बांधावरची होती.

काकांनी ती बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "जिंदगीभर पाइपाचं तोंड पायलं, म्हणून इथंबी पाइपच शोधून राहिलो. शेताले कुठी पाइप असते?"

मी खरं तेच सांगते, मी त्यांना गप्प राहायला सुचवलं. तेवढ्यावर ते भडकले. "कावून? कारखान्याचं निघालं असतं त बोंबललो असतो, माझं निघालं त झाकू?"

पुढच्या ग्रामसभेत त्यांनी ती गडद बाटली टेबलावर ठेवली आणि सांगितलं, ही माझी. मग ठराव मांडला: तलाव आणि नाल्याच्या काठाने दहा हात पट्टी नांगरायची नाही, तिथे गवत राखायचं, पाऊस तोंडावर असताना युरिया टाकायचा नाही, आणि पट्टीत ज्याचं पीक जाईल त्याला कृषी खात्याने भरपाई द्यावी. सरपंच हसत तिथल्या बोलीत म्हणाले, "कका, कारखाना ल छोड़ के किसान के पाछू पड़ गेस?" कारखाना सोडून शेतकऱ्याच्याच मागे लागलात, असं. तीनच हात वर झाले. त्यातले दोन घरचे होते.

कृषी कार्यालयातल्या साहेबांनी सांगितलं की गवताच्या पट्टीसाठी फॉर्मात कॉलमच नाही. काकांनी खिशातून मोजपट्टी काढून त्यांच्यासमोर ठेवली. "नसंन त रेघ मारा ना साहेब. स्केल मी आणली." साहेबांनी रेघ मारली नाही. काकांनी मात्र त्या खरिपात आपल्या शेताचा दहा हात काठ पडीक सोडला. येणारे-जाणारे हसत. काका त्यांना हाका मारून गवत दाखवत.

त्यानंतर प्रत्येक ग्रामसभेत तोच ठराव, आणि प्रत्येक वेळी तो पडे. मी एकदा वैतागून विचारलं, किती वेळा मांडणार? "पडते तो ठराव," म्हणाले, "मले कुठी काही लागून राहिलं?"

गेल्या हिवाळ्यात काका गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेताना सुपेल्याच्या चौकापर्यंतही गाडी पोहोचली नाही. मला अजून त्या चौकातून जायला नको वाटतं.

पुढच्या ग्रामसभेला मी काकूंच्या सोबतीला गेले. सरपंच म्हणाले, मांडणारा राहिला नाही, तेव्हा तो विषय काढून टाकू. काकू कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या. "मांडणारा गेला. तलाव कुठी गेला?" त्यांनी आमच्याच बोलीत विचारलं, आणि ते सगळ्यांना समजलं. मागे बसलेल्या, रोज त्या पाण्यात उतरणाऱ्या बायकांनी एकेक करून हात वर केले. ठराव याही वेळी पडला. पण सरपंचांना हात दोनदा मोजावे लागले.

घरी जाण्याआधी मी तलावावर उतरले. बाटली तीनदा खंगाळली, भरली, चिठ्ठी चिकटवली. जागा लिहिली, वेळ लिहिली. नमुना घेणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, आणि पुढच्या ग्रामसभेची तारीख काकूंना विचारून घेतली.