फवारणीच्या दिवसांतल्या मोठ्या सिस्टर

मोठ्या सिस्टर पेशंटला थापड मारायच्या, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. कपाशीवर औषध फवारताना विषबाधा झालेली माणसं आमच्या सरकारी दवाखान्यात यायची. विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिनची इंजेक्शनं सुरू झाली की त्यांना भ्रम व्हायचा. सलाईन उपटायची, चावायची, लाथा झाडायची. असा एक माणूस धरायला चौघं लागतात. त्या आणि नवी सिस्टर मी, अशा आम्ही दोघीच असायचो, कारण सिस्टरांच्या बाकीच्या जागा कोणी भरतच नव्हतं. मोठ्या सिस्टर त्याच्या मांड्यांवर बसत, एक ठेवून देत आणि मला म्हणत, "लाव सुई."

दिग्रसजवळच्या तांड्यावरची ही बाई वरिष्ठांशीही तशीच बोलायची. एका सिस्टरवर दोन वॉर्ड टाकायचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी साहेबांना तोंडावर विचारलं, "पोरीले एकटी ठेवता. तिले कोणी मारलं तं वाचवाले तुम्ही येता काय?" हुकूम बदलला नाही. त्या मग रजा मोडून माझ्यासोबत थांबू लागल्या.

एका दुपारी मारेगावकडचे दोघे भाऊ गावच्या लोकांसोबत फवारणीवरून थेट आले. थोरला भरती झाला. धाकटा "मले काही झालं नाही" म्हणत खाटेशी उभा राहिला. डॉक्टर सिझेरियनमध्ये अडकले होते. थोरला दगावला. मी तसं सांगताच धाकट्यानं सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. माझ्या डोक्यावर येणारा घाव मोठ्या सिस्टरांनी हातावर घेतला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसऱ्या घावानं औषधांचं कपाट फुटलं. त्याच्यासोबतचे लोक पळाले. तिसऱ्यांदा उचलताना स्टँड त्याच्या हातून गळाला. तो काचांवर कोसळला, तोंडातून फेस येत होता.

मी भिंतीला चिकटून रडत होते.

"यालेही विष चढलं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टरले फोन लाव, अन् ॲट्रोपिन भर."

तुटका हात पोटाशी धरून त्या त्याच्या पायांवर बसल्या. त्यानं त्यांच्या खांद्याचा चावा घेतला, तरी उठल्या नाहीत. तो वाचला.

घरी जाताना त्यानं त्यांचं प्लास्टर पाहिलं. त्याला काहीच आठवत नव्हतं. "सिस्टर, हाताले काय झालं?"

"तूच मोडला," त्या म्हणाल्या. "गोळ्या टायमावर घेजो."

तो तिथंच खाली बसला. त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

तो हात पुन्हा सरळ झाला नाही. त्यांनी नोकरी सोडली तेव्हा निरोपाला मी एकटीच होते. तो निरोपही अर्धवट राहिला, कारण वॉर्डातून कोणीतरी ओरडलं आणि त्यांनीच मला आत ढकललं.