पॅसेजमधला दिवा आणि मावशींचा जवळा

घरांतल्या दिव्यांसाठी सरकार नवे नियम आणणार, अशी बातमी आली तेव्हा आमच्या इमारतीत ती मनावर घेणारी मी एकटीच होते. नियम अजून झाले नव्हते, नुसता मसुदा होता. किती विजेत किती उजेड मिळायला हवा, जिना, पार्किंग, पॅसेज अशा सगळ्यांच्या जागांत दिव्यांवर किती वीज जावी, माणूस नसेल तिथला दिवा आपोआप बंद व्हावा, असं त्यात होतं. लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. हे सगळं नव्या इमारतींपुरतं. आमच्या बोईसरच्या जुन्या इमारतीवर कसलंच बंधन येणार नव्हतं.

तरी मी मसुदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे हे मला डोळे मिटून सांगता येतं. घरी फ्रिजच्या दारावर आठवड्याच्या कामांची यादी असते, आणि खोडलेल्या ओळी बघून मला बरं वाटतं. सोसायटीची सेक्रेटरी मी झाले तीही याच स्वभावामुळे. वायरिंगचं काम निघालंच होतं, तेव्हा ते नव्या मसुद्याप्रमाणेच करून टाकू, असं मी मीटिंगमध्ये मांडलं. कुणी फारसं ऐकलं नाही, म्हणून विरोधही झाला नाही.

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं. एक आमचं. दुसऱ्यात मावशी, त्यांचा मुलगा, सून आणि दहावीतली नात. मावशी मूळच्या जवळच्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या. पुरुष बोटीवर आणि बायका मासळीच्या सुकवणीला, अशा घरातल्या. मुलगा कारखान्यात लागला तशा त्या त्याच्याबरोबर बोईसरला आल्या, पण धंदा सोडला नाही. दांडीहून सुका जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, आणायचा, निवडायचा आणि बाजारात विकायचा. आमच्या इमारतीतली बरीच घरं पावसाळ्यासाठी लागणारा जवळा त्यांच्याकडूनच भरून ठेवायची, कारण मावशींच्या जवळ्यात काही सापडायचं नाही. वाळूचा कण नाही, शिंपलीचा तुकडा नाही, जाळ्याचा धागा नाही. "डोळे मिटून तव्यावर टाका," असं त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, आणि ते खरं असायचं.

निवडायला त्या संध्याकाळी पॅसेजमध्ये बसायच्या. मुलगा रात्रपाळीला जायच्या आधी पुढच्या खोलीत झोपलेला, नात आतल्या खोलीत पुस्तकं पसरून, स्वयंपाकघरात सून. उरला तो पॅसेज. तिथे खिडकी नाही. आमच्या दोन दारांच्या मधे ट्यूबलाइट होती. तिच्याखाली जुनी चादर अंथरून, सूप मांडीवर घेऊन त्या बसायच्या. मी कामावरून आले की म्हणायच्या, "आली का बाय? पाय बघ, पुढ्यात डबा हाय."

मी चादरीला वळसा घालून दार उघडायचे आणि लगेच लावून घ्यायचे. वास यायचा. मी कोल्हापूरकडची, मासे खाते, पण सुक्या मासळीचा वास पडद्यांत बसलेला मला सहन होत नव्हता. बहीण राहायला आली होती तेव्हा तिने दारातच नाकाला रुमाल लावला होता. मावशींना मात्र मी कधी काही बोलले नाही. मला मी समजूतदार वाटायचे.

दिवे बसवणारा आमच्या मजल्यावर आला तेव्हा मी सुट्टी घेतली होती. त्याने ट्यूबलाइट काढली, छोटा गोल दिवा लावला आणि जिन्याच्या तोंडाशी सेन्सर बसवला. हालचाल थांबल्यावर दिवा किती वेळ चालू राहावा, ते शिडीवरूनच त्याने विचारलं, "मॅडम, कितना टाइम रखूँ? ज़्यादा भी रख सकते हैं."

"सगळ्यात कमी," मी म्हटलं.

बाकीच्या मजल्यांवरही कमीच वेळ ठेवायला सांगितला होता, हे खरं. पण ते सांगताना माझी नजर समोरच्या दाराशी घडी करून ठेवलेल्या चादरीकडे गेली होती, हेही खरं. माणूस नसताना दिवा जळू नये म्हणून तो नियम होता. तिथे माणूस असतं, हे मला माहीत होतं.

मावशींनी तक्रार केली नाही. जिना चढणाऱ्या माणसाला सेन्सर लगेच ओळखायचा. खाली बसून नुसती बोटं हलवणारी बाई त्याला दिसायची नाही. दिवा विझला की मावशी सूप डोक्यावर धरून हलवायच्या, म्हणजे तो पुन्हा लागायचा. इमारतीतल्या पोरांना खेळच मिळाला. "मावशी, थांबा, मी लावतो!" म्हणत ती जिन्यावरून धावत यायची. मावशीही हसायच्या. "ये रे माझ्या पावरहाऊस," म्हणायच्या.

शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी आमचे दिवे बघायला आले, त्या दिवशी मावशी चादरीवरच होत्या. मी त्यांना मसुद्यातले मुद्दे सांगत होते. आम्ही बोलत उभे होतो आणि दिवा गेला. अंधारातून मावशींचं सूप वर आलं, कावळा हाकलावा तसं हललं, आणि उजेड झाला.

"वा, डेमोची सोय पण केलीय तुम्ही," सेक्रेटरी म्हणाले.

"हो ना, आमच्या मावशी सगळ्यांच्या पुढे," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो. मावशींनी आमच्याकडे बघितलं आणि त्याही थोडं हसल्या. मग मान खाली घालून भराभर निवडायला लागल्या. दिवा आहे तोवर होईल तेवढं होऊ दे, अशा घाईने. ती घाई मी पाहिली, आणि सेक्रेटरींना पार्किंग दाखवायला खाली घेऊन गेले.

त्या आठवड्यात मी बहिणीला पाठवायला आणि घरासाठी असा मिळून जवळा घेतला. मावशींनी नेहमीसारखी मापावर एक मूठ जास्त घातली. ती मूठ त्या फक्त ओळखीच्यांना घालतात. रविवारी मी कांदा घालून जवळा केला. पहिल्याच घासाला नवरा थांबला. तोंडातून त्याने वाळू काढून ताटाच्या कडेला ठेवली. माझ्या दाताखाली शिंपलीचा तुकडा आला. पिशवी ताटात ओतून बघितली तर जाळ्याचा निळा धागाही निघाला.

मी काय करावं? मी सेक्रेटरी. स्टोअरमध्ये खराब माल आला की सगळ्या विभागांना ताबडतोब कळवायचं, ही माझी सवय. हात धुतले आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: "या वेळचा सुका जवळा नीट निवडलेला नाही. वाळू आणि कचरा निघत आहे. घेतला असल्यास वापरण्यापूर्वी तपासून घ्यावा." नाव लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती. इमारतीत जवळा एकाच घरातून येतो.

मग पिशवी घेऊन मी समोरचं दार वाजवलं.

"मावशी, या वेळी कचरा निघाला हो."

त्यांनी पिशवी हातात घेतली, तोंड उघडून आत बघितलं. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. "माझ्या मालात?" त्या म्हणाल्या. मग, "आण. आत्ता निवडून देते."

"आत्ता नको, सावकाश द्या."

"नाय. आत्ताच." त्यांनी चादर टाकली, सूप घेतलं, बसल्या. मला जाताही येईना, थांबताही येईना. मी माझ्या दाराला टेकून उभी राहिले. त्यांची बोटं चालत होती. आणि दिवा विझला.

अंधारात आम्ही दोघी. मी हलले असते तर दिवा लागला असता. मी हलले नाही, का ते मला सांगता येत नाही. बहुधा तोंड दिसू नये म्हणून. मावशींनी सूप वर केलं, हलवलं. उजेड झाला तेव्हा त्यांच्या केसांत आणि खांद्यावर जवळा सांडलेला होता.

"हे असं व्हतं," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, चूक कुठे झाली ते शोधून सांगावं तसं बोलल्या. "अंधारात हात थांबत नाय. त्यात राहून जातं."

तेवढ्यात आतून त्यांची नात आली, हातात मोबाइल. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज्जी, ग्रुपवर आलंय. तुझा जवळा कोणी घेऊ नका म्हणून."

"मी तसं लिहिलं नाही," मी म्हटलं. "तपासून घ्या असं लिहिलंय."

"वाच काय लिवलंय ते," मावशी म्हणाल्या. नातीने वाचलं. माझी वाक्यं माझ्याच समोर वाचली गेली, एकेका पूर्णविरामावर थांबून. खाली कुणी अंगठा टाकला होता, कुणी "धन्यवाद सेक्रेटरी" लिहिलं होतं, तेही तिने वाचलं.

मावशींनी सूप चादरीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "बाय, मी इथं बसते ते तुला आवडत नाय, ते मला ठाऊक होतं. तू दार कसं लावतेस ते मला दिसतं ना. मला तोंडावर सांगायचं. मी उठली असती."

मी काहीतरी बोलले. मसुदा, वीज, सगळ्या मजल्यांना एकच नियम. बोलताबोलता दिवा पुन्हा गेला, आणि या वेळी सूप वर आलं नाही. चादर गोळा केल्याचा आवाज आला. त्या दाराकडे वळल्या तेव्हा उजेड झाला, आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी दिवे बसवणाऱ्याला बोलावून आमच्या मजल्याला साधं बटण लावून घेतलं. सेन्सर जिन्यापुरता ठेवला. ग्रुपवर लिहिलं की चूक मालाची नव्हती, पॅसेजमधला दिवा निवडताना सारखा बंद होत होता, आणि तो तसा माझ्या सांगण्यावरून लावला होता. त्यावरही अंगठे आले. पहिल्या निरोपाखाली जितकी माणसं बोलली होती तितकी या वेळी बोलली नाहीत. तळमजल्यावरच्या बाईंनी जिन्यात मला थांबवून विचारलं, "पण वाळू होती ना? मग?"

मसुद्यावर सूचनाही पाठवली: "सामायिक जागेत एका जागी बसून काम करणाऱ्या रहिवाशांसाठी हाताने चालणाऱ्या बटणाची सोय असावी." वाक्य नेटकं झालं. पाठवल्यावर पुन्हा वाचलं, तर त्यात मावशी कुठे नव्हत्या आणि मीही नव्हते. असं लिहायला मला चांगलं जमतं.

मावशींचं दार वाजवून मी बटण दाखवलं. "चांगलं केलंत मॅडम," त्या म्हणाल्या. मी त्यांच्यासाठी बाय होते, त्या दिवशी मॅडम झाले. आता त्या सकाळीच रिक्षाने दांडीला जातात, भावाच्या ओट्यावर दिवसाउजेडी निवडतात आणि तिथूनच बाजारात येतात. इमारतीत विकत नाहीत. आमचा पॅसेज स्वच्छ असतो. वास येत नाही. काही संध्याकाळी मी बटण दाबते आणि दिवा जळत ठेवते. नवरा म्हणतो, कुणासाठी? मी उठून बंद करते.

जवळा लागतोच. मागच्या आठवड्यात मी बाजारात गेले. मावशींच्या पाटीसमोर दोघी बायका उभ्या होत्या. माझी पाळी आली तशी मावशींनी ओंजळभर जवळा माझ्यापुढे धरला. "बघून घ्या मॅडम. कचरा नाय ना?"

त्या दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी मोठ्याने म्हटलं, "मावशी, तुमच्या जवळ्यात कधीच कचरा नसतो."

"त्या टायमाला होता," मावशी म्हणाल्या. "होता त्याला नाय कसं म्हणू?"

"दिवा मी घालवला होता," मी म्हटलं. घरी दाराशी उभं राहून हे मला म्हणता आलं नव्हतं. बाजारात तोंडातून गेलं.

"कसला दिवा?" शेजारच्या बाईने विचारलं.

मावशींनी माप भरलं, काठावरून बोट फिरवून सपाट केलं आणि पिशवीत ओतलं. "काय नाय," त्या तिला म्हणाल्या. "शेजारीण हाय माझी."

पिशवी माझ्या हातात दिली. वरची मूठ घातली नाही. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, मग मागच्या बाईला वाट करून दिली.